घाट बांधणारे आणि गाळ काढणारे

साशंक : काशीच्या शिंदे घाटावरून दोन्ही बाजूंना नजर टाका आणि सांगा, यातले किती बांधकाम करवसुलीच्या कायद्याने उभे राहिले? दक्षिणेला लागूनच मणिकर्णिका. तिचा जीर्णोद्धार अहल्याबाईंचा. उत्तरेला थोडे चालले की भोसले घाट, नागपूरकरांचा. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहल्याबाईंनीच १७८० मध्ये उभे केले. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडप १८२८ चा, बायजाबाई शिंद्यांचा. आणि हा घाटही त्यांचाच. दौलतराव शिंदे १८२७ मध्ये वारले, ग्वाल्हेरचा कारभार बायजाबाईंच्या हाती आला आणि १८३० च्या सुमारास त्यांनी काशीत हा घाट बांधवून घेतला. यांपैकी कोणालाही नोटीस गेली नव्हती, कोणी टक्केवारी ठरवून दिली नव्हती. ज्यांच्याकडे होते त्यांनी दिले, आणि दोनशे वर्षे देशभरचा यात्रेकरू त्या पायऱ्या उतरतो आहे. श्रीमंतांकडून जास्त घ्यायचेच असेल तर त्यांच्या धर्मबुद्धीला हात घाला. दर वाढवले की माणूस हिशेबनीस गाठतो.

आग्रही : घाट सांगितलात, पण त्याचे पुढे काय झाले ते सांगितले नाहीत. बायजाबाईंचा घाट टिकला नाही. दगडाचा भार इतका होता की खालची जमीन खचली आणि बांधकामाला तडे जाऊन त्याचा मोठा भाग खाली बसला. मणिकर्णिकेच्या बाजूला कललेले रत्नेश्वराचे देऊळ आजही दिसते. त्याचा गाभारा वर्षातले कित्येक महिने पाण्यात नाहीतर गाळात असतो. घाट पुन्हा बांधला गेला १९३७ च्या सुमारास. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे ती पडझड तशीच होती. दात्याने बांधले, ते पुण्य त्याचे. पण खचलेले उचलून धरणे हे कोणाचेच कर्तव्य नव्हते. दान पहिल्या दगडाला मिळते, दुरुस्तीला मिळत नाही.

आणखी एक पाहा. पावसाळ्यात गंगा चढते, घाट बुडतात आणि पाणी ओसरले की पायऱ्यांवर चिकण गाळाचा थर बसलेला असतो. नगर निगमचे कामगार नदीतूनच पंपाने पाणी खेचतात, पाइपाचा झोत धरून तो गाळ पुन्हा नदीत ढकलतात. झोत मारायचा, फावड्याने ओढायचा, पुन्हा झोत मारायचा. असे दरवर्षी, घाटामागून घाट. या कामाची कोनशिला कुठे पाहिलीत? गाळ काढायला आजवर एखादा संस्थानिक पुढे आल्याचे ऐकले आहे? ज्या कामाला नाव लागत नाही ते काम करातून होते, आणि कर कोणी किती द्यायचा हे देणाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही.

साशंक : पण १९३७ मध्ये तो पुन्हा बांधला कोणी? शिंदे घराण्यानेच. नगरपालिकेने नव्हे.

आग्रही : मान्य. मग तेवढ्याच मोकळेपणाने हेही मान्य करा, की शिंद्यांकडे तो पैसा आला कुठून. माळव्यातल्या आणि ग्वाल्हेरच्या रयतेने भरलेल्या शेतसाऱ्यातून. ज्याला आपण दान म्हणतो तो आधी गोळा केलेला करच होता. फक्त तो कुठे खर्च व्हावा हे रयतेला कोणी विचारले नाही.

हा वार मोठा आहे, आणि इथे थोडे थांबायला हवे, कारण अहल्याबाईंचे नाव अशा वादात नेहमी येते आणि घाईत जाते. होळकरशाहीत दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा अशी रीत होती. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर मिळाली, आणि ती पुढे अहल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंतचा त्यांचा धर्मादाय या खासगीतून झाला. राज्याच्या तिजोरीला त्यांनी त्यासाठी हात लावला नाही, हा त्यांचा लौकिक आहे आणि तो खरा मोठेपणा आहे. पण खासगी म्हणजे तरी काय? नेमून दिलेल्या गावांचा महसूलच. अहल्याबाईंनी हिशेब दोन ठेवले. दोन्ही हिशेबांच्या मुळाशी नांगर होता. आग्रहीचा मुद्दा त्यामुळे पडत नाही. त्याला एक पुस्ती मात्र जोडावी लागते : सत्ताधाऱ्याने स्वतःवर घालून घेतलेला हा निर्बंध त्या काळी कोणत्याही कायद्याने आलेला नव्हता.

साशंक : रयतेला विचारले नाही म्हणता. मग जिथे कायद्याने, नियम छापून, टक्के ठरवून कर बसवला तिथे रयतेला विचारले होते का? याच काशीतली गोष्ट आहे. १८१० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने पंधरावे रेग्युलेशन काढून शहरातल्या घरांवर कर बसवला. राहत्या घराला वार्षिक भाड्याच्या ५ टक्के, दुकानाला १० टक्के. स्वतःच्या घरात राहणाऱ्याने शेजारच्या तेवढ्याच घराचे भाडे धरून भरायचे. लष्करी लोकांच्या घरांना मात्र माफी. डिसेंबरात वसुलीची तयारी सुरू झाली आणि काशी बंद पडली. आधी लोहार उठले, मग एकामागून एक जाती आणि धंदे. दुकाने मिटली, नावाडी बसून राहिले. वीस हजारांहून जास्त माणसे घरदार सोडून उघड्यावर धरणे धरून बसली. प्रेतांचे संस्कार करायला माणूस मिळेना म्हणून प्रेते तशीच गंगेत सोडली जात होती, असे तिथल्या मॅजिस्ट्रेटने, बर्डने, कलकत्त्याला कळवले. मणिकर्णिकेच्या शहरात ही अवस्था! शेवटी सरकारला आधी सवलती द्याव्या लागल्या आणि १८१२ मध्ये तो कायदाच मागे घ्यावा लागला. धरमपाल यांनी १९७१ मध्ये ही सगळी कागदपत्रे छापून ठेवली आहेत. वाचली की कळते, माणसाला कराची चीड येते ती तो किती आहे यापेक्षा कोण घेतो आणि कशासाठी घेतो यावरून येते.

आग्रही : वाचली आहेत, म्हणूनच सांगतो. त्या लोकांचे गाऱ्हाणे काय होते? स्टॅम्प, जकात, शहरातल्या मालावरचे कर आधीच वाढले आहेत, त्यांची झळ गरीब-श्रीमंत सगळ्यांना लागते. त्यावर हा आणखी एक. काशीत कितीतरी माणसे दानधर्मावर जगतात, त्यांच्याकडे घर आहे पण कमाई नाही. ती कुठून भरणार? हे गाऱ्हाणे चढत्या कराविरुद्ध नव्हते. सावकाराच्या हवेलीला आणि लोहाराच्या खोपटाला एकच ५ टक्के लावणाऱ्या सपाट कराविरुद्ध होते. सरकारने माघार घेताना पहिली सवलत कोणाला दिली? देवस्थानांच्या आणि अगदी गरिबांच्या घरांना. म्हणजे ज्याची ऐपत नाही त्याला सोडले पाहिजे, हे तत्त्व कंपनी सरकारनेही कबूल केले. ऐपत पाहायची, हे एकदा मान्य केले की वरच्या टोकालाही ती पाहावीच लागते.

साशंक : सोडणे वेगळे, ओरबाडणे वेगळे.

आग्रही : ओरबाडले कोणाला गेले ते महात्मा फुल्यांना विचारा. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी हेच मांडले. सरकारी तिजोरी भरते ती राबणाऱ्या शेतकऱ्याच्या घामातून. वरच्या आणि श्रीमंत वर्गाचा वाटा तीत नगण्य. आणि शिक्षणावरचा खर्च मात्र त्याच वर्गाच्या पोरांवर. पंचेचाळीस वर्षांनी, १९२७ मध्ये, बाबासाहेब आंबेडकर मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलले तेव्हा त्यांनी त्याच ठिकाणी बोट ठेवले. ठरावीक रकमेपेक्षा कमी कमाई असेल तर प्राप्तिकर माफ होतो. शेतसारा मात्र पीक बुडाले तरी, तुकडा केवढाही असला तरी भरावाच लागतो. मोठा जमीनदार आणि गुंठ्यांचा धनी एकाच मापाने मोजला जातो. चढता कर ही बाहेरून आणलेली कल्पना नाही. आपल्याकडच्या सर्वांत तळाच्या माणसाची ती जुनी मागणी आहे.

साशंक : बाबासाहेबांचे ते भाषण आज वाचले तर चित्र उलटे दिसेल. आज शेतीच्या उत्पन्नावर केंद्राला प्राप्तिकर लावता येत नाही. घटनेने तो विषय राज्यांकडे दिला आणि राज्यांनी, चहा-कॉफीचे मळे सोडले तर, त्याला फारसा हात लावला नाही. दोन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला वाचवायला ठेवलेल्या या दारातून शेकडो एकरांचे बागायतदारही बाहेर पडतात, आणि शहरात पैसा कमावून शेतीत दाखवणारेही. चढता कर कागदावर चढतो. जमिनीवर तो फक्त पगारदाराच्या डोक्यावर चढतो, कारण पगारदाराचा पैसा हातात येण्याआधीच कापला जातो.

आणि तुमची वाट शेवटपर्यंत चालून पाहिलेली आहे. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला होता. दोन लाखांवरच्या प्रत्येक शंभरातले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याचे, बाकी सरकारचे. त्यावर संपत्तिकर धरला तर काहींना कमाईपेक्षा जास्त भरावे लागे. गरिबी हटली का त्याने? हटली पावती. घर घेताना निम्मे रोख, डॉक्टरची फी रोख, सिनेमातल्या नटाचे मानधन रोख. १९७१ च्या वांछू समितीने स्पष्ट लिहिले होते की चढे दर हेच करचुकवेगिरीचे मोठे कारण आहे. मग दर ७७ वर आले, १९८५ मध्ये ५० वर, १९९७ मध्ये ३० वर. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ मध्ये वारसाकर आला; हेतू उत्तम होता, माणूसही निःस्पृह होता. १९८५ मध्ये तो रद्द झाला, कारण त्यातून येणारा पैसा थोडा आणि वसुलीचा व्याप मोठा. संपत्तिकर २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला. फ्रान्सने २०१३ मध्ये दहा लाख युरोंवरच्या पगारावर ७५ टक्के लावून पाहिले. दोन वर्षांत गुंडाळले. किती वेळा हे करून पाहायचे?

आग्रही : ९७.७५ चा बचाव कोणीही शहाणा माणूस करणार नाही, आणि मीही करत नाही. पण त्या आकड्याच्या आडोशाने आजची व्यवस्था लपते, ती उघडी करू. एक इंजिनिअर वर्षाला ४० लाख पगार घेतो. आजच्या नव्या पद्धतीत प्रमाण वजावट सोडून, उपकर धरून त्याला सुमारे ७ लाख ८८ हजार भरावे लागतात. कमाईच्या जवळजवळ वीस टक्के. दुसरा माणूस वडिलांकडून आलेले शेअर विकतो आणि त्याला १० कोटींचा नफा होतो. दीर्घ मुदतीच्या नफ्याला दर १२.५ टक्के, त्यावरच्या अधिभाराला १५ टक्क्यांची मर्यादा, वर उपकर. सगळे मिळून जेमतेम १५ टक्के. इंजिनिअरने रात्री जागून मिळवले त्याला वीस, आणि दुसऱ्याला वारशाने मिळाले त्याला पंधरा! शेअर मुलाच्या नावावर झाले तेव्हाही कर नाही, कारण वारसाकर तुम्ही आत्ताच सांगितलात तसा १९८५ मध्ये गेला. हा जास्त कमावणाऱ्याकडून जास्त घेणारा कायदा आहे का?

साशंक : कंपनीने त्या नफ्यावर आधीच २२ किंवा २५ टक्के भरलेले असतात. शेअर म्हणजे त्या कंपनीचाच तुकडा. एकाच पैशावर दोनदा कर झाला. शिवाय वीस वर्षांतली महागाई वजा करा, म्हणजे खरा नफा किती उरतो ते पाहा.

आग्रही : महागाईचे मान्य, ती वजा व्हायला हवी. दोनदा कराचे अर्धेच मान्य, कारण शेअरचा भाव कंपनीने भरलेल्या करापेक्षा भविष्याच्या अपेक्षेवर जास्त चढतो. आणि दोनदा म्हणाल, तर त्या इंजिनिअरच्या घरी काम करणारी बाई साबण घेते, चप्पल घेते, मोबाइल रिचार्ज करते. दर खेपेला ती जीएसटी भरते आणि तो मालकिणीइतकाच भरते. ती विवरणपत्र भरत नाही म्हणून ती करदाती नाही, असे आपण बिनदिक्कत बोलतो. देशात कर भरणारे मूठभर, हे वाक्य फक्त प्राप्तिकरापुरते खरे आहे.

या टप्प्यावर दोघांची भूमिका थोडी सरकलेली दिसते. दर किती असावा हा प्रश्न मागे पडला आहे. कमाई कशाला म्हणायचे, हा पुढे आला आहे. प्रस्तुत लेखकाला हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. ३० की ४० यावर वर्तमानपत्रांत रकाने भरतात. शेतीचे उत्पन्न, शेअरचा नफा आणि वारसा यांना वेगळी दारे का, यावर चार ओळी येत नाहीत. साशंकाचा मूळ आक्षेप मात्र अजून उभाच आहे : घेणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा?

साशंक : समजा, सगळी दारे बंद केलीत. शेतीला लावला, शेअरला लावला, वारसाकर परत आणला. तो पैसा जाणार कुठे? बायजाबाईंनी घाट बांधला, तो निदान दिसतो. माझ्या कापलेल्या कराचे काय झाले हे मला कधीच दिसत नाही.

आग्रही : एकदा दिसले होते. महाराष्ट्रातच. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर रोजगार हमीची कामे निघाली. कल्पना वि. स. पागे यांची, त्यांनी ती आधी सांगली जिल्ह्यातल्या विसापूर भागात करून पाहिली होती. मागेल त्याला काम, हे सरकारने पत्करले आणि लगेच प्रश्न आला की पैसा कुठून. १९७५ मध्ये व्यवसायकर आला. मुंबई-पुण्यातल्या कारकुनापासून वकिलापर्यंत सगळ्यांच्या कमाईतून काही रक्कम घ्यायची, राज्याने आपला वाटा घालायचा आणि त्यातून सोलापूर-नगरच्या माळावर खडी फोडणाऱ्या, बांध घालणाऱ्या मजुराला मजुरी द्यायची. शहरातून गावाकडे, कमावत्याकडून बेकाराकडे. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा याच वळणावर बेतला गेला. कर घेताना कशासाठी ते सांगितले, आणि काम रस्त्याच्या कडेला दिसत होते.

साशंक : आणि पुढे? रोजगार हमीच्या नावाने जमलेला सगळा पैसा रोजगार हमीवर खर्च होत नाही, ही तक्रार विधिमंडळात आणि बाहेर कितीदा झाली. केंद्राचा कायदा आल्यावर मजुरीचा मोठा भार दिल्लीने उचलला. व्यवसायकर मात्र थांबला नाही. दानात निदान देणारा विचारू शकतो. करात विचारायचे कोणाला? मला जास्त द्यायला हरकत नाही, हे आज प्रथमच कबूल करतो. घाट खचल्यावर शंभर वर्षे वाट पाहावी लागू नये, यासाठी कायद्याचा पैसा हवा, हेही पटले. पण कारण संपल्यावर कर संपत नसेल आणि हिशेब मागायला दार नसेल, तर १८१० च्या काशीकरांसारखे बसून राहण्यावाचून माणसाच्या हाती काय उरते?

आग्रही : हिशेब मागा, मीही तुमच्या शेजारी बसेन. पण मग त्याच कराचा दुसरा हिशेबही मागू. घटनेच्या २७६ व्या कलमाने व्यवसायकराला वरची मर्यादा घातली आहे. १९५० मध्ये ती वर्षाला २५० रुपये होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली. महाराष्ट्रात महिन्याला १०,००० रुपयांच्या वर पगार गेला की पुरुष कर्मचाऱ्याचे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, वर्षाचे २,५००. स्त्रियांना २५,००० पर्यंत माफी आहे, त्यापुढे त्यांचेही तेवढेच. गोदामातल्या हमालाचे २,५००, आणि ज्या कंपनीचे ते गोदाम आहे तिच्या कोट्यवधी पगाराच्या व्यवस्थापकीय संचालकाचेही २,५००. दुष्काळातल्या मजुरासाठी सुरू झालेल्या करात आज मजुराला आणि मालकाला एकच आकडा आहे.

साशंक : तो आकडा वाढवला तर हमालाचाही वाढेल.

आग्रही : हमालाचा शून्यावर आणता येतो, त्याला राज्याचा कायदा पुरतो. संचालकाचा वाढवायचा तर संसदेत घटनादुरुस्ती लागते. १९८८ नंतर ती झालेली नाही.